हे, वाय आणि आम्ही वाईकर

"तुम्हा दोघांना दोन दिवस हे-ऑन-वायला पाठवतो," ब्रिस्टलच्या घरात जेवताना मुलगा म्हणाला.

"अरे, हे वाईचेच आहेत," मी म्हटलं. "त्यांना आणखी कुठल्या वाईला पाठवतोस?"

त्याने मोबाईलवर नकाशा काढला. इंग्लंड आणि वेल्सच्या शिवेवर वाय नावाची नदी, तिच्या काठाला हे नावाचं गाव. वस्ती दोन हजारांच्याही आत, म्हणजे आमच्या वाईतल्या एखाद्या पेठेएवढी. आणि म्हणे पुस्तकांच्या दुकानांसाठी जगात प्रसिद्ध. मी शाळेत सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते, म्हणून मुलाने बेत माझ्यासाठी आखला होता. ह्यांना पुस्तकांशी घेणंदेणं नाही. एसटीत वाहक म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने तिकिटाखेरीज काही वाचावं अशी माझी अपेक्षाही नाही.

वाचकांचा गोंधळ नको म्हणून आधीच सांगते. यापुढे नुसतं 'हे' आलं की ते माझे यजमान. गावाचं नाव मी दर वेळी पूर्ण लिहीन.

हेरफर्डपर्यंत रेल्वे आहे. तिथून पुढे तीसेक किलोमीटर बसने जायचं. बस दिसताच ह्यांच्या अंगात पुन्हा खाकी शिरली. चढल्या चढल्या पाहणी सुरू. वाहक नाही. चालकच तिकीट देतो, चालकच पैसे घेतो, आणि सगळे बसले की नाही ते आरशात बघून गाडी काढतो. घंटीची दोरी नाही, "चला पुढे सरका" नाही. "एक माणूस कमी केला," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, जणू तो माणूस हेच होते. पण थोड्या वेळाने त्यांना एक गोष्ट दिसली आणि मग हेरफर्डपासून शेवटच्या थांब्यापर्यंत ते तेवढंच बघत राहिले. उतरणारा प्रत्येक माणूस चालकाला थँक्यू म्हणत होता. शाळेची पोरं, काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्या, कानात वायर घातलेला एक तरुण, सगळे. "एकतीस वर्षं," हे म्हणाले आणि डाव्या हाताची बोटं मोजू लागले. तिसऱ्या बोटावर थांबले.

वाटेत हिरव्या कुरणांवर मेंढ्या, एप्रिल असल्यामुळे प्रत्येकीच्या मागे एक नाही तर दोन कोकरं. मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या-लाल रंगाच्या खुणा, आपले धनगर करतात तशाच. वेल्समध्ये शिरलं की रस्त्यावर 'स्लो'च्या जोडीला आणखी एक शब्द रंगवलेला दिसतो. अक्षरं वाचली तर अराफ, पण वेल्श भाषेत त्या 'एफ'चा उच्चार व होतो, म्हणून आराव. अर्थ तोच, पसरणीच्या घाटातला 'वाहने सावकाश हाका'. पाट्या सगळ्या दोन भाषांत. या गावात घरोघरी इंग्रजीच बोलतात, वेल्श बोलणारे थोडेच. तरी पाटीवर वेल्श आहे आणि शाळेत ती सगळ्यांना शिकावी लागते. आपल्याकडे दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी काय काय करावं लागलं ते आठवून मी गप्प बसले.

गावाच्या वेशीवरच्या पाटीने मात्र हसू आणलं. हे-ऑन-वायचं वेल्श नाव 'अ गेल्ली', म्हणजे झाडांची राई. ते रोमन लिपीत लिहितात तेव्हा 'अ' साठी 'वाय' हे अक्षर येतं. ह्यांनी पाटी मोठ्याने वाचली, "वाय गेल्ली." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कोण गेली?"

गाव उतारावर वसलंय. वर पडका-जोडका किल्ला, खाली नदी, मध्ये चार-सहा अरुंद गल्ल्या. 1830 च्या दशकात बांधलेली लोण्याच्या बाजाराची इमारत अजून उभी आहे. खांबांवरचं छत, ग्रीक देवळाची नक्कल. लोणी विकायला एवढं देऊळ कशाला बांधलं असेल ते त्यांनाच ठाऊक. आणि मग दुकानं. एक पुस्तकांचं, दुसरं पुस्तकांचं, मध्ये एक औषधांचं, पुन्हा पुस्तकांचं. एके काळी ती चाळीसच्या घरात होती, आता वीसेक उरली आहेत. पण दोन हजार डोक्यांमागे वीस म्हणजे तरी काय! एक दुकान जुन्या चित्रपटगृहात आहे, एक फक्त कवितांचं, एक फक्त खून-मारामारीच्या कादंबऱ्यांचं. पहिल्या दिवशी मी चार दुकानं केली आणि पायांत गोळे आले. हे प्रत्येक दुकानाबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्यांच्या वेळा टिपत होते.

हा सगळा उद्योग एका माणसाचा. रिचर्ड बूथ, जन्म 1938. ऑक्सफर्डला शिकला आणि शिकून शहरात न जाता गावाकडे आला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने गावातल्या जुन्या अग्निशामक ठाण्यात जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं. दिवस वाईट होते. 1962 साल सरता सरता या गावची रेल्वेची प्रवासी वाहतूक बंद झाली. गाडी गेली की गाव जातं, ते कुठल्याही बंद पडलेल्या स्टेशनवर जाऊन बघावं. बूथने उलटी गणितं मांडली. अमेरिकेत ग्रंथालयं बंद पडत होती, पुस्तकं कवडीमोलाने जात होती. त्याने ती कंटेनर भरभरून आणली. कोणी म्हणालं, या आडरानात जुनी पुस्तकं घ्यायला येणार कोण? लोक आले, कारण एवढी पुस्तकं एका जागी दुसरीकडे कुठे नव्हती. मग त्याच्याच हाताखाली शिकलेल्यांनी शेजारी दुकानं काढली आणि गाव भरलं.

1 एप्रिल 1977 ला तर त्याने कमालच केली. हे-ऑन-वाय स्वतंत्र राज्य झाल्याचं जाहीर केलं आणि स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. राजाच्या हातात असतो तो राजगोल त्याने संडासाच्या टाकीतल्या फुग्यापासून बनवला होता. आपला घोडा त्याने पंतप्रधान नेमला. राज्याचे पासपोर्ट निघाले, सरदारक्या विकायला काढल्या. तारीख एप्रिल फूलची, तरी वर्तमानपत्रं धावत आली आणि गावाचं नाव जगभर झालं. पुढे 2004 साली खऱ्या राणीने या खोट्या राजाला पर्यटनासाठी एमबीई हा किताब दिला. 2019 मध्ये तो वारला. त्याचं पाहून बेल्जियममध्ये रेदू, स्कॉटलंडमध्ये विगटाऊन, नॉर्वेत फ्यारलांड अशी पुस्तकांची गावं उभी राहिली. 1988 पासून इथे साहित्याचा मोठा उत्सवही भरतो, दर वर्षी मे अखेरीस. आम्ही गेलो तो एप्रिल होता. तंबू नव्हते, गर्दी नव्हती, मला बरंच वाटलं.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. बूथच्याच नावाच्या मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर मी एक जाड पुस्तक उघडलं. पक्ष्यांवरचं होतं. पहिल्याच पानावर अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या वाचनालयाचा शिक्का आणि त्याच्यावर तिरपा दुसरा शिक्का: 'विथड्रॉन'. मागच्या पुठ्ठ्याला परतीच्या तारखांची चिठ्ठी, शेवटची तारीख 1958 ची. त्याला आम्ही निर्लेखन म्हणतो. दर काही वर्षांनी यादी करायची: फाटलेली, वाळवी लागलेली, आणि जी कोणीच नेत नाही ती. दाखल अंकासमोर लाल शाईने 'निर्लेखित' लिहायचं, मुख्याध्यापकांची सही घ्यायची आणि पुस्तकं रद्दीवाल्याला किलोवर द्यायची. मी स्वतः अशा पाच याद्या केल्या. कोणी नेत नाही म्हणून गेलेली त्यात किती असतील! फाटलेली नव्हेत, धड असलेली. वजनकाट्यावर चढवताना रद्दीवाला कडक पुठ्ठे उचकटून बाजूला काढायचा, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा. तो आवाज त्या वरच्या मजल्यावर मला पुन्हा ऐकू आला.

हे-ऑन-वाय बरंचसं निर्लेखित पुस्तकांवर उभं आहे. ज्यांच्यासमोर कुणीतरी लाल शाईने लिहिलं, ती समुद्र ओलांडून इथे आली आणि पुन्हा विकली गेली. मी ते पक्ष्यांचं पुस्तक बराच वेळ धरून उभी होते. महाग होतं, घेतलं नाही.

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी चहाला बोलावलं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कंबरेला फुलाफुलांचा एप्रन. स्कोन म्हणजे त्यांचा गोडसर मऊ पाव, आणि वेल्श केक. हा नावाचाच केक, खरं म्हणजे तव्यावर भाजलेली, बेदाणे घातलेली जाड दशमी. लोणी घालून केल्यात, चरबी नाही, ते मी आधी विचारून घेतलं. बाईंनी एक स्कोन चिमट्याने न उचलता हाताने उचलून ह्यांच्या बशीत ठेवला, बोटांबद्दल माफी मागितली आणि एकटीच खो खो हसत सुटल्या. आम्ही एकमेकांकडे बघतोय. मग त्यांनी गोष्ट सांगितली.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला या गावात हर्बर्ट आर्मस्ट्राँग नावाचे वकील होते. मेजर, ठेंगणे, अगदी सभ्य. समोरच दुसऱ्या वकिलाची कचेरी, त्याचं नाव मार्टिन. दोघांत एका व्यवहारावरून वाजलेलं. 1921 मध्ये आर्मस्ट्राँगनी मार्टिनला घरी चहाला बोलावलं, लोणी लावलेला स्कोन हाताने उचलून त्याच्या पुढे केला आणि बोटांबद्दल माफी मागितली. घरी जाऊन मार्टिन उलट्यांनी बेजार. मार्टिनचे सासरे गावातले औषधविक्रेते. त्यांना आठवलं, वकीलसाहेब हिरवळीवरचं तण मारायला म्हणून आपल्याच दुकानातून सोमल नेतात. तपासणी झाली, सोमल निघाला. पोलिसांनी गुपचूप चौकशी चालवली, आणि तोवर आर्मस्ट्राँग मार्टिनला रोज चहाला बोलावत राहिले. संशय येऊ द्यायचा नाही म्हणून मार्टिनला दर वेळी नवी सबब शोधावी लागे. आपल्याकडे एकदा चहाला नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. त्या बिचाऱ्याने कित्येक आठवडे नाही म्हणत काढले. शेवटी वकिलांची पत्नी, जी त्याच वर्षी वारली होती, तिला थडग्यातून काढून तपासलं. तिच्यातही सोमल. 31 मे 1922 ला आर्मस्ट्राँगना फाशी दिलं. ब्रिटनमध्ये खुनासाठी फासावर गेलेला तो एकुलता एक सॉलिसिटर.

गोष्ट संपेपर्यंत ह्यांचा स्कोन तसाच बशीत. बाईंनी खूण केली, "घ्या ना." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्धा तोडून आधी खाल्ला. संसार असा असतो.

दुसरा दिवस गुरुवार, बाजाराचा. किल्ल्याखालच्या चौकात पालं लागतात: चीज, मध, रोपं, लोकरीचे मोजे, मासे. वाईच्या बाजाराचा आवाज इथे नाही. भाव करणं तर नाहीच, ते ह्यांना फार लागलं. एका दुकानात मेंढीच्या दुधाचं आईस्क्रीम मिळालं. हे दोन कप खाऊन म्हणाले, "आपल्या धनगरांना सांगायला पाहिजे." मी म्हटलं, सांगा, पण फ्रीजरसाठी वीजही तुम्हीच आणून द्या माळावर.

किल्ल्याची कथा ऐकली तेव्हा मला परक्या मुलखात असल्याचा विसर पडला. माटिल्डा नावाची एक सरदारीण होती, दांडगी. तिने म्हणे हा किल्ला एका रात्रीत बांधला, ओच्यात दगड वाहून. एक खडा तिच्या जोड्यात शिरून टोचू लागला तेव्हा तिने तो चिडून भिरकावला, आणि तो नदीपलीकडे काही मैलांवरच्या लोज गावी पडला. तो 'खडा' तिथल्या चर्चमध्ये अजून उभा आहे. माणसाहून उंच, क्रूस कोरलेला पाषाण. एका रात्रीत देऊळ उभं करून कोंबडा आरवायच्या आत निघून जाणारे आपले पांडव आणि ही बाई एकाच कंत्राटदाराकडे कामाला असावेत. खरी माटिल्डा मात्र दुर्दैवी. जॉन राजाची तिच्या घराण्यावर खप्पामर्जी झाली आणि 1210 मध्ये ती आणि तिचा मुलगा कैदेत उपासमारीने मेले. किल्ला पुढे जळला, पुन्हा बांधला गेला, पुन्हा जळला. एके काळी बूथही याच किल्ल्यात राहत होता. एका विश्वस्त संस्थेने दुरुस्ती करून तो 2022 मध्ये सगळ्यांसाठी उघडला. त्याच्या लाकडी दरवाज्याची एक फळी सुमारे सातशे वर्षांची आहे आणि अजून बिजागरीवर फिरते. मी तिला हात लावला. थंडगार, आणि खिळ्यांच्या डोक्यांशी गुळगुळीत झालेली.

इथून भिलारचा विषय निघणारच होता. पसरणीचा घाट चढून पाचगणी ओलांडली की भिलार. 4 मे 2017 ला राज्य सरकारने ते 'पुस्तकांचं गाव' म्हणून जाहीर केलं, ते हे-ऑन-वायच्याच धर्तीवर. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी घरातल्या खोल्या, ओसऱ्या दिल्या, पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडली. मी चार वेळा गेले आहे. कथा एका घरात, संतसाहित्य दुसऱ्या घरात, बसायला गादी, वाचायला फुकट. असं गाव बूथलाही सुचलं नसतं, कारण त्याला पुस्तकं विकायची होती. पण फरकही तिथेच आहे. भिलारला पुस्तक आवडलं तर ते तिथेच ठेवून यावं लागतं. माझ्या डोळ्यांदेखत एका मुलीने पुस्तक शंभराव्या पानावर मिटलं आणि आईबरोबर गाडीत बसली. हे-ऑन-वायला पुस्तक विकलं गेलं नाही तर दुकानाचं भाडं निघत नाही, म्हणून तिथे पुस्तक खपवायची धडपड आहे, किंमत पाडायची आहे, ओरडायची आहे. वाईलाही पुस्तकांचं वावडं नाही. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी आमच्याच गावात बसून केलं, पहिला खंड 1976 ला निघाला. एवढं असून जुन्या मराठी पुस्तकांसाठी मला आजही पुण्यालाच जावं लागतं. भिलारच्या एखाद्या ओसरीवर जुन्या पुस्तकांचं एक साधं दुकान निघावं. सरकारी नको, गावातल्याच एखाद्या हौशी पोराने काढलेलं. वाचनालयांनी निर्लेखनाची यादी रद्दीवाल्याआधी त्याला दाखवावी. माझ्या पाच याद्या आता परत येणार नाहीत.

शुक्रवारी सकाळी बसला तासभर होता. किल्ल्याच्या आवारात, उघड्यावर, भिंतीला लागून लाकडी फळ्या आहेत. त्यांवर पुस्तकं, वर नावापुरतं छप्पर. दुकानदार नाही. एक लोखंडी पेटी भिंतीत, तिच्यात पैसे टाकायचे आणि पुस्तक न्यायचं. बघायला कोणी नाही. पाऊस भुरभुरत होता, पुस्तकं कोपऱ्यांवर फुगली होती. मी फळ्या चाळत होते तेवढ्यात मागून हे म्हणाले, "हे बघ." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला पुस्तक दाखवलं. जुन्या इंग्लिश बसगाड्यांचं, पानापानावर फोटो: दुमजली, पुढे आलेल्या नाकाची, मागे उघडा दरवाजा असलेली, आणि त्या दरवाज्यात पट्ट्याला मशीन अडकवलेला वाहक. किंमत एक पौंड. ह्यांनी दोन पौंडांचं नाणं काढलं, पेटीत टाकलं आणि हात पुढे करून उभे राहिले.

"काय झालं?"

"सुट्टे."

आजूबाजूला एक कबूतर होतं. ज्या माणसाची सगळी हयात सुट्ट्या पैशांवरून भांडण्यात गेली, त्याला इथे भांडायलाही कोणी नव्हतं. आणखी एक पुस्तक घ्या म्हणजे फिटंफाट, मी सुचवलं. ते म्हणाले, "आणखी नको. बाकी लिहून ठेवू." खिशातून येतानाचं बसचं तिकीट काढलं, उलटं करून गुडघ्यावर धरलं आणि पेनाने लिहिलं: बाकी 1 पौंड. खाली सही केली. एसटीत सुट्टे नसले की तिकिटामागे असंच लिहून देतात आणि प्रवासी उतरताना तेवढे मागून घेतो. फक्त इथे लिहिणारा वाहक आणि घेणारा प्रवासी एकच होता.

हेरफर्डला उतरताना हे चालकाला थँक्यू म्हणाले, जरा मोठ्यानेच.

बसगाड्यांचं पुस्तक आता वाईत टीव्हीखाली असतं, डेपोतले जुने सोबती आले की बाहेर निघतं. तिकीट ह्यांच्या पाकिटात आहे. हे-ऑन-वायकडून आमचं एक पौंड येणं आहे.